फवारणी करताना औषध अंगात गेलं का, हे लघवी तपासून कळतं का?

हो, कळतं, पण मूळ औषध नव्हे, शरीराने त्याचे केलेले तुकडे सापडतात. क्लोरपायरीफॉसचा टीसीपी, सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडचा ३-पीबीए, कपाशीवरच्या प्रोफेनोफॉसचा ब्रोमोक्लोरोफिनॉल. लघवीत हे बरेचसे साखरेच्या किंवा सल्फेटच्या रेणूला चिकटलेले असतात, म्हणून आधी एन्झाइम घालून ते सुटे करतात, छोट्या गाळणीसारख्या कार्ट्रिजमधून गोळा करतात आणि मग एलसी-एमएस/एमएस यंत्रावर (पदार्थ वेगळे करून त्यांच्या वजनावरून ओळखणारं यंत्र) मोजतात. एक मिलिलिटरमध्ये नॅनोग्रॅमभर असलं तरी दिसतं. लघवी पातळ-दाट असते, त्यामुळे आकडा क्रिएटिनिनच्या (शरीर रोज साधारण सारखंच बाहेर टाकतं तो पदार्थ) प्रमाणात बघायचा. नुसता आकडा फसवतो.

वेळ मात्र सांभाळा. टीसीपीचं प्रमाण साधारण २७ तासांत निम्मं होतं, त्यामुळे फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा नमुना चांगला. आठवड्याने दिलेला जवळजवळ निरुपयोगी.

बऱ्याच ऑरगॅनोफॉस्फेट औषधांसाठी (क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉसचा गट) सहा डायअल्किल फॉस्फेटही, म्हणजे या गटातल्या अनेक औषधांचे सामाईक तुकडे, मोजतात. त्यावरून औषध नेमकं कोणतं ते कळत नाही, शिवाय भाजीफळांवर आधीच विघटन झालेले हेच पदार्थ पोटात गेले तरी आकडा वर जातो. त्यामुळे ‘सापडलं’ म्हणजे ‘विषबाधा झाली’ असं नाही. घाम, लाळ, बारीक बाहुल्या, उलट्या असतील तर या रिपोर्टची वाट बघत बसू नका, औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना गाठा. तिथे लक्षणं बघून उपचार सुरू होतात आणि रक्तातलं कोलिनएस्टरेज (ही औषधं बंद पाडतात ते एन्झाइम) तपासतात. पॅराक्वाट तणनाशक तेवढं वेगळं: लघवीत सोडियम डायथायोनाइट टाकलं की निळा रंग येतो, हे खाटेशेजारीच होतं.