काम थांबले म्हणून दिग्दर्शक शिकवतात का?

आपण विचारले आहे की, चित्रपट मिळेनासे झाले की दिग्दर्शक कार्यशाळा घेऊ लागतात हे खरे आहे का, आणि बारावी झालेल्या मुलीला अशा कार्यशाळेला पाठवावे की थेट चित्रीकरणावर उमेदवारीला लावावे. मी संकलक आहे आणि सुट्टीच्या दिवसांत मुलांना संकलन शिकवतो, त्यामुळे प्रश्नाचा पहिला भाग मला झोंबला.

काम थांबलेले असते, हे पुष्कळदा खरे आहे. पण म्हणून बिघडले काय? बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक १९६५च्या सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य म्हणून आले, आणि ‘सुवर्णरेखा’नंतरचा त्यांचा पूर्ण लांबीचा कथापट लोकांसमोर यायला १९७३ साल उजाडले. पुण्यातल्या त्यांच्या थोड्या काळात मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे पुढे नावाजलेले दिग्दर्शक त्यांच्यापुढे बसून शिकले. यांपैकी कोणीही घटकांची नक्कल केली नाही. घटकांचा चित्रपट टाहो फोडतो, तर कौल यांच्या ‘उसकी रोटी’मधली माणसे भावना आवाजातही उमटू देत नाहीत, अब्राहम यांनी ‘अम्मा अरियान’ लोकवर्गणीतून उभा केला. शिष्य गुरूसारखा न होणे ही माझ्या मते शिकवणाऱ्याची सर्वांत अवघड कमाई आहे.

आता माझ्या अनुभवाविषयी. कराडकडे एका ज्येष्ठ माहितीपटकारांनी घेतलेल्या कार्यशाळेत मी संकलनासाठी मदतीला होतो. तेथे एका मुलाने आपल्या चुलत्याच्या गुऱ्हाळाचे चित्रण करून आणले. उसळणारी वाफ, चुलवाणातला जाळ, गुळव्याचा घामेजलेला चेहरा, वर बासरी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनी बासरी बंद करायला लावली, सगळे पुन्हा पाहिले आणि एवढेच विचारले, “पाक झाला हे या माणसाला कळते कसे? ते मला दिसले नाही.” मुलगा म्हणाला, त्यांना सवयीने कळते. सर म्हणाले, “मग ती सवय दाखव.” मुलगा रुसला, पण पहाटे पुन्हा गुऱ्हाळावर गेला. या वेळी त्याने कॅमेरा एका जागी ठेवला. गुळव्या पाक पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून पाहतो, मान हलवून नकार देतो. मागे काहील उतरवायला थांबलेली माणसे त्याच्या हाताकडे डोळे लावून उभी. उतरवायला उशीर झाला तर गूळ करपतो, घाई केली तर धरत नाही, आणि हे सगळे त्या न तोडलेल्या चित्रणात एकाही शब्दाविना आले होते. संकलक असूनही मला तेथे कात्री लावण्याजोगे काही सापडले नाही.

माझा एक जुना मित्र मुंबईत वर्षानुवर्षे सहायक दिग्दर्शक आहे. हा प्रसंग मी सांगितला की तो विचारतो, तुझा गुळव्या कोणत्या शाळेत शिकला? पुढे तो मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचा दाखला देतो: व्ही. शांताराम १९२० साली कोल्हापुरात त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पोऱ्या म्हणून लागले, तेथेच ‘नेताजी पालकर’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनापर्यंत पोहोचले आणि १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल यांच्यासह बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था काढली. दाखला खरा आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. पेंटर ऐन भरात काम करत होते, म्हणजे शिकवणे हा बेकारांचा उद्योग नव्हे. शिवाय जेथे मालक स्वतः कॅमेरा जुळवत होता आणि पडदे रंगवत होता, तेथे उमेदवाराच्या डोळ्यांसमोर सगळेच घडत होते. आजचा नवखा सहायक क्लॅप देतो, कंटिन्युइटी (एका दृश्यातले कपडे, वस्तू पुढच्या दृश्याशी जुळावेत म्हणून ठेवायची नोंद) लिहितो, गर्दी आवरतो आणि कलाकारांना बोलावून आणतो. कॅमेरा येथेच का ठेवला, हे त्याला सांगायला कोणाला सवड नसते. माझ्या मित्राला चित्रीकरण कसे चालते हे माझ्याहून कितीतरी अधिक कळते, पण त्याच्या स्वतःच्या लघुपटाविषयी त्याला “मला दिसले नाही” असे कोणी म्हटलेले नाही, कारण तो लघुपट त्याने केलेलाच नाही.

तेव्हा मुलीला आधी कार्यशाळेला पाठवावे आणि मग हवे तर चित्रीकरणावर. मात्र पत्रकावर मोठे नाव आणि वर्गात भलताच माणूस असा प्रकार सर्रास चालतो. प्रमाणपत्र आणि छायाचित्रे यांपलीकडे काही नसलेल्या कार्यशाळाही पुष्कळ आहेत. शुल्क भरण्यापूर्वी संयोजकांना विचारावे की, मुलांनी केलेले काम शिकवणारा स्वतः शेवटपर्यंत पाहतो का आणि ते दुरुस्त करून पुन्हा दाखवायला वेळ ठेवला आहे का. उत्तमांतले उत्तम दिग्दर्शकही शिकवायला कंटाळतात, हेही ध्यानात असू द्यावे. आणि वेळेवर पोहोचणे, भर उन्हात तासन्‌तास न कुरकुरता उभे राहणे, या गोष्टी चित्रीकरणावरच अंगी बाणतात. एवढ्यापुरते माझ्या मित्राचे म्हणणे मला मान्य आहे.