रॉचेस्टरने लग्नाचे विचारले तेव्हा जेन एअरला संशय कसा आला नाही?

संशय आला होता. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' या कादंबरीच्या २३ व्या प्रकरणात थॉर्नफील्ड या वाड्याच्या बागेत, चेस्टनटच्या झाडाखाली, रॉचेस्टर लग्नाचे विचारतो तेव्हा जेन लगेच होकार देत नाही. ती त्याला चंद्राकडे तोंड करायला सांगते, कारण तिला त्याचा चेहरा वाचायचा असतो. वर्षाला ३० पौंडांवर राबणारी १८ वर्षांची शिक्षिका आपल्याच मालकाला असे उजेडात उभे करते, तिला भोळी कोण म्हणेल? चेहरा वाचण्यात ती चुकली, एवढेच.

रॉचेस्टरने तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलेल्या वेड्या बायकोबद्दल सगळेच बोलतात. माझा राग त्याआधीच्या संभाषणावर आहे. महिन्याभरात आपण उमराव घराण्यातल्या मिस इंग्रमशी लग्न करणार, तुझ्यासाठी आयर्लंडमध्ये पाच मुली शिकवण्याची नोकरी पाहिली आहे, असे तो शांतपणे सांगतो; जेन हुंदके देऊ लागते, आणि मग कळते की त्याला जेनच हवी आहे.

१९८३ साली, पुण्यातल्या संभाजी बागेत, माझ्याशी हेच घडले. नातेवाइकांनी सुचवलेले स्थळ होते, आमच्या तीन-चार भेटी झाल्या होत्या आणि मला तो मनापासून आवडू लागला होता. बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "आईने नगरची मुलगी पसंत केली आहे. लग्नाला याल ना?" मी हातातल्या शेंगदाण्यांच्या पुडीची कड दुमडत राहिले, दुमडायला जागा उरली नाही तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तुमचा चेहरा पाहायचा होता. आता सांगा, मुहूर्त कधीचा धरायचा?" मी पुडी बाकावर ठेवली आणि बस पकडून घरी आले.

ताईने मला आठवडाभर झोडपले. एवढ्याशा थट्टेवरून चांगले स्थळ घालवलेस, हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षे प्रत्येक सणाला ऐकले. पुढच्याच प्रकरणात रॉचेस्टर कबूल करतो की तुला मत्सर वाटावा म्हणून मी हे सोंग केले, आणि जेन त्याला हे लाजिरवाणे वागणे होते असे तोंडावर सुनावते. म्हणजे मीच तेवढी हळवी नव्हते. जो माणूस तुमच्या रडण्यावरून तुमचे प्रेम मोजतो, त्याला होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. (जेनने दिला, हे मला माहीत आहे.)

न्यायाने बोलायचे तर कादंबरी १८४७ ची आहे आणि वेड हे त्या काळच्या इंग्लंडमध्ये घटस्फोटाचे कारण होऊ शकत नव्हते, त्यामुळे रॉचेस्टरपुढे सरळ वाट नव्हती. पण मिस इंग्रमचे सोंग करायला त्याला कोणत्या कायद्याने भाग पाडले होते?

ताईने पुढे कादंबरी वाचली आणि विजयी मुद्रेने म्हणाली की शेवटी फर्नडीन या रॉचेस्टरच्या दुसऱ्या घरी जेनसुद्धा आपला आतेभाऊ सेंट जॉन याचे नाव काढून आंधळ्या झालेल्या रॉचेस्टरला मत्सराने जाळतेच की! तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ते आज सुचते आहे: सेंट जॉनने जेनला खरोखरच मागणी घातली होती. ती रॉचेस्टरला छळते, हे मान्य. पण जे घडले तेच सांगून छळते. नगरची ती मुलगी मात्र कधी अस्तित्वातच नव्हती, ताई.