ज्युनिअरची केस ऐकून झाल्यावर काय बोलायचं?

लातूरला एमडी मेडिसिन झालंय, यूकेत रजिस्ट्रार (कन्सल्टंटच्या खालचा सीनियर डॉक्टर) म्हणून येताय आणि विचारताय, "ज्युनिअरने केस सांगितली की तिकडे फीडबॅक कसा देतात?" बहुतेक जण पगार आणि घरभाडंच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी अंबाजोगाईचा, सध्या इकडे मेडिसिनचा रजिस्ट्रार.

आधी केस सांगायची रीतच वेगळी. आपल्याकडे नाव, वय, राहणार, व्यवसाय, तक्रारी क्रमानं, मग पॅलर-इक्टेरस-सायनोसिस-क्लबिंग अशा तपासणीतल्या खुणांची माळ आणि निदान सगळ्यात शेवटी. परीक्षेतल्या लाँग केसला ते चालतं. इथं रात्री फोन आला की पहिल्या वाक्यातच कळावं लागतं: पेशंटला काय झालंय आणि माझ्याकडून काय हवंय. त्यासाठी एसबार (SBAR) वापरतात: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यात आलेली ही पद्धत. नव्यानं भरती झालेल्यांना बघायच्या सकाळच्या पोस्ट-टेक राउंडला मात्र त्याच पेशंटची सविस्तर केस लागते. कुठं कसं सांगायचं हे तुम्हीच आधी सांगा, नाहीतर नंतर चुका काढण्यात अर्थ नाही.

आता फीडबॅक. समजा, पडलेल्या, गोंधळलेल्या 78 वर्षांच्या आजींची केस आहे. ज्युनिअर चार मिनिटं बोलतो आणि रक्तातलं सोडियम 118, म्हणजे धोकादायक कमी, आहे हे शेवटी सांगतो. लगेच तुटून पडू नका. आधी विचारा, "तुला काय वाटतंय? कशावरून?" उत्तर आलं की जमलेली एक गोष्ट नेमकी सांगा: "नवीन सुरू झालेली थायाझाइड (सोडियम कमी करू शकणारी लघवीची गोळी) तू शोधलीस, ते चांगलं केलंस." मग सुधारायची एकच: "सोडियम पहिल्या वाक्यात यायला हवं होतं." आणि पुढची केस त्याच्याकडून तशीच सांगून घ्या. 1992 मध्ये अमेरिकेत 'वन मिनिट प्रिसेप्टर' म्हणून मांडलेली पद्धत साधारण अशीच आहे.

आपले लोक ओरडणं लवकर सोडतात. पेशंटसमोर आवाज चढवणं इथं खपतच नाही. पण मग दुसऱ्या टोकाला जाऊन नुसतं "गुड, वेल डन" करत बसतात. त्यानं पोराला काय कळणार? इथले लोक बोलतातही इतकं गुळमुळीत की नवख्याला आपलं चुकलंय याचा पत्ताच लागत नाही. आपला मराठवाडी रोखठोकपणा इथं कामाला येतो, फक्त तो केसबद्दल असावा, माणसाबद्दल नाही. नायजेरिया, इजिप्त, केरळ, सगळीकडचे ज्युनिअर असतात; त्यांच्या उच्चारांवर बोलू नका. फार भरभर बोलत असतील तर तेवढं जरूर सांगा.

सीबीडीचं (केस-बेस्ड डिस्कशन, म्हणजे ज्युनिअरशी केसवर केलेल्या चर्चेचं) तिकीट, म्हणजे फीडबॅकचा ऑनलाइन फॉर्म, ईमेलवर येईल, ते त्याच दिवशी भरा. ती पास-नापासची परीक्षा नाही. पण गंभीर काही खटकलं तर पहिल्यांदा तिकिटात लिहू नका. आधी समोरासमोर बोला, मग त्याच्या सुपरव्हायझरला कळवा. आणि हो, "सर" कुणी म्हणणार नाही, नावानंच हाक मारतील.

निघेपर्यंत युनिटमधल्या इंटर्नवर हात बसवून घ्या. औषध (कीटकनाशक) पिलेला पेशंट आला की त्याला म्हणा, मी घरी आहे असं समज आणि फोनवर केस सांग. श्वास कसा आहे, विषावरचं अ‍ॅट्रोपिन किती गेलं, व्हेंटिलेटर लागेल का, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात येतंय का बघा. गावाचं नाव नंतर विचारता येतं.