घरच्या घरी कॉकटेल करायचा छंद लावून घ्यायचाय, सुरुवात कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यूट्यूबवर बघून दोन-तीनदा कॉकटेल केली, दर वेळी पातळ आणि गोडमिट्ट झाली. खर्चाला साधारण तीन हजार आहेत. आणि बायको दारूला हात लावत नाही, तरी तिलाही या छंदात सामील करून घ्यायचंय.

नवनव्या रेसिपींच्या मागे लागू नका. एकच ड्रिंक धरा आणि ते हातात बसेपर्यंत सोडू नका. मला विचाराल तर डायकिरी: व्हाइट रम, लिंबू, साखर. हॉटेलात मिक्सरमधून काढलेली, स्ट्रॉबेरी घातलेली मिळते ती वेगळी. मूळची डायकिरी क्युबातली. सांतियागोजवळ डायकिरी नावाचं गाव आहे, तिथे लोखंडाच्या खाणी होत्या, आणि तिथल्या जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं नाव या ड्रिंकशी जोडलं जातं. काळ १८९८च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या आसपासचा. ऊस, उसाच्या मळीची रम आणि लिंबं हे सगळं तिथे शेजारी-शेजारी मिळत होतं. आपल्याकडेही हे तिन्ही जिन्नस घरचेच आहेत, त्यामुळे बाहेरून मागवावं असं काही नाही.

प्रमाण: रम ६० मिली, लिंबाचा ताजा रस २५ मिली, साखरेचा पाक २० मिली. पाक म्हटलं की आपल्याला लाडू आठवतात, पण इथे एकतारी वगैरे काही करायचं नाही. १०० ग्रॅम साखर, १०० मिली कढत पाणी, ढवळून विरघळवलं की झालं. गार करून बाटलीत भरा, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे आरामात टिकतो.

गोडमिट्ट होण्याचं कारण बहुतेक वेळा अंदाजपंचे ओतणं असतं. रम आपण पेगने मोजतो, आणि पाक मात्र बाटलीतून सरळ. त्यावर कोल्ड्रिंक. बाटलीतल्या कोलात १०० मिलीला दहा ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे ग्लासभर कोला घातलात की वीसेक ग्रॅम साखर आधीच आत गेली. २० मिली पाकात साखर असते साधारण १२ ग्रॅम. म्हणून पहिली खरेदी पेग मेजरची. ३० आणि ६० मिलीचा दुतोंडी मिळतो, पण आतून १५ आणि २० मिलीच्या खुणा असलेला शोधून घ्या. तो नाही मिळाला तर औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकणही चालतं, त्यावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात.

आता पातळ होण्याबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरच्या कॉकटेलांची खरी गोची बर्फात असते आणि कुणी त्याकडे लक्ष देत नाही.

ड्रिंक गार होतं ते बर्फ वितळल्यामुळे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, नुसत्या थंड बर्फाला टेकून त्या मानाने फारच कमी गारवा मिळतो. म्हणजे पाणी मिसळणारच, आणि ते मिसळायलाही हवं. वरच्या प्रमाणातलं शंभरेक मिली मिश्रण नीट शेक करून गाळलं की दीडशेच्या आसपास भरतं, आणि रमची धार जाऊन चव उलगडते ती त्या पाण्यामुळेच. घोळ होतो तो ओल्या बर्फाने. ट्रे काढून ओट्यावर ठेवला, मग लिंबं शोधली, मग चिरली, तोवर बर्फाच्या अंगाला पाणी सुटलेलं असतं. ते पाणी गारवा न देता सरळ ड्रिंकमध्ये उतरतं. फ्रिजमधले छोटे-छोटे तुकडेही याच कारणाने वाईट, एकूण पृष्ठभाग जास्त म्हणून पाणीही जास्त.

मी काय करते सांगते. स्टीलचा पसरट डबा तीन-चतुर्थांश भरून, झाकण लावून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते. काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगतं. झाकण हवंच, नाहीतर बर्फाला फ्रीझरमधल्या मासळीचा नाहीतर मटारांचा वास लागतो आणि रमसारख्या साध्या ड्रिंकमध्ये तो लगेच कळतो. दुसऱ्या दिवशी डबा नळाखाली क्षणभर धरून लादी सोडवायची, स्वच्छ फडक्यात गुंडाळायची आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने दोन-तीन घाव घालायचे. सुपारीएवढे आणि त्याहून मोठे तुकडे मिळतात. ते परत डब्यात, डबा परत फ्रीझरमध्ये. ग्लासही तिथेच गार करत ठेवा. रम, रस, पाक सगळं मोजून शेकरमध्ये पडल्यावरच बर्फ बाहेर काढायचा. बाहेरून लादी आणणार असाल तर बघून आणा. महाराष्ट्रात २०१८पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. निळसर दिसला तर तो बर्फ ड्रिंकसाठी नाही.

शेकर अर्ध्याहून जास्त बर्फाने भरा आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. आतला आवाज आधी खडखडीत असतो, मग बर्फाच्या कडा झिजून तो जरा मऊ होतो. स्टीलवर बाहेरून पांढरं दव धरतं आणि हाताला ते धरवेनासं होतं. तेव्हा थांबायचं. अल्कोहोलमुळे मिश्रण शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही, म्हणून ते फ्रिजमधल्या पाण्यापेक्षा कितीतरी गार लागतं. चहाच्या गाळणीतून थेट गार ग्लासात गाळा. वर बर्फ घालू नका, आणि पाच-दहा मिनिटांत संपवा.

लिंबाचंही थोडं बघायला हवं. कागदी लिंबू घ्या, पातळ सालीचं, हाताला जड लागणारं. एका लिंबातून कधी १० मिली रस निघतो, कधी २०, त्यामुळे ‘एका लिंबाचा रस’ असं सांगणाऱ्या रेसिपीवर विसंबू नका. फ्रिजमधलं लिंबू तासभर आधी बाहेर काढून ओट्यावर तळव्याखाली फिरवा, मग रस सुटतो. पिळताना साल पार चेपू नका, तिच्यातला कडवटपणा उतरतो. रस त्या-त्या दिवशीचाच वापरा. बाटलीतला तयार रस डायकिरीला मारून टाकतो.

आता तुमच्या बायकोला सामील करून घ्यायचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. आंबट-गोडाचा तोल जिभेला शिकवायला दारूची गरजच नाही. तीन ग्लास घ्या. प्रत्येकात गार पाणी १२० मिली आणि लिंबाचा रस २५ मिली. पाक मात्र पहिल्यात १५, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात ३५ मिली. दोघांनी चमच्याने चाखा आणि कुठला बरा ते ठरवा. मग प्रत्येकात अगदी चिमूटभर मीठ घाला आणि परत चाखा. गोडवा पुढे येतो, आंबटपणाचं टोक बोथट होतं, आणि मघाशी नापास झालेला ग्लास आता बरा वाटू लागतो. लिंबू सरबतात मीठ घालायचं हे आपल्या घरांत सगळ्यांनाच माहीत असतं, पण तीच चिमूट डायकिरीतही तेच काम करते. मी ८० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवते आणि एका ड्रिंकला तीन-चार थेंब घालते.

बिनदारूच्या ड्रिंकमध्ये एक उणीव राहते. अल्कोहोलची ती घशाला जाणवणारी धग नसते, म्हणून ते नुसतं सरबत वाटतं. ती धग दुसऱ्या कशाने तरी आणावी लागते: आल्याचा रस, मिरी, चिरलेली हिरवी मिरची, किंवा कडक कोरा चहा, त्याच्या तुरटपणासाठी. कोकमाचं आगळ यासाठी फार उपयोगी. आगळ म्हणजे मिठातलं, बिनसाखरेचं, अमृत कोकम नव्हे. आगळ २० मिली, गुळाचा पाक ३० मिली, आल्याचा रस चहाचा एक चमचा, बर्फावर हलवून गाळा आणि वर गार सोडा १०० मिली. वेगळं मीठ नको, आगळ खारटच असतं, आणि प्रत्येक घरचं कमी-जास्त खारट असतं, म्हणून आधी चाखून बघा. पाहुणे आले की मी दोन्ही ड्रिंक एकाच प्रकारच्या ग्लासात देते. न पिणाऱ्याच्या हातात कोल्ड्रिंकचा कॅन देऊन त्याला बाजूला काढणं मला आवडत नाही.

डायकिरी जमली की पुढचं पाऊल म्हणून दुधाने नितळ केलेला मिल्क पंच करून बघा. ज्या घरात पनीर केलं जातं तिथे याला दोन हात तयारच असतात. प्रकार जुना आहे, बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली जेम्स बोडनला लिहिलेल्या पत्रात त्याची कृती आहे. कडक कोरा चहा १५० मिली, रम १५० मिली, लिंबाचा रस ५० मिली, पाक ६० मिली एकत्र करा. दुसऱ्या भांड्यात फुल क्रीम दूध १०० मिली घ्या आणि पहिलं मिश्रण हळूहळू दुधात ओता. उलटं करू नका. दूध लगेच फाटतं, दिसायला भयंकर दिसतं, घाबरू नका. तासभर न हलवता ठेवा, मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. पहिली धार गढूळ येते, ती परत फडक्यातच ओतायची, कारण आता तो चोथाच गाळणीचं काम करतो. घाई करून पिळलं की सगळं फुकट जातं. थेंब-थेंब पडू द्या, दोन-तीन तास लागतील. खाली जमतं ते नितळ, सोनेरी, आणि तोंडात आश्चर्य वाटावं इतकं गुळगुळीत. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहाला तुरट करणाऱ्या टॅनिनला धरून ठेवतं, म्हणून तुरटपणा जातो आणि वास मागे राहतो. रमच्या जागी पाणी घालून हीच कृती बायकोसाठी करा, फक्त ती दोन दिवसांत संपवा.

घरी आंबवायच्या पेयांकडेही कधीतरी वळालच. अननसाच्या साली, गूळ आणि पाणी यांचा मेक्सिकोतला तेपाचे आपल्या गुळात फारच छान होतो, कारण तिथेही बिनशुद्ध केलेली उसाची साखरच वापरतात. एका अननसाच्या धुतलेल्या साली, दीडशे ग्रॅम गूळ, दीड लिटर पाणी, वर फडकं बांधून ठेवायचं. परदेशी रेसिपी तीन-चार दिवस सांगतात, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये दीड-दोन दिवस पुरे. बाटलीत भरायचं तर काचेच्या नको, प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटलीत भरा. दाबून बघता येतं, कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. काच फुटली तर तुकडे अख्ख्या स्वयंपाकघरात उडतात. आणि यात थोडं अल्कोहोल तयार होतंच, हे तुमच्या बायकोला आधी सांगा, मुलांनाही देऊ नका. घरी दारू गाळायच्या मात्र वाटेलाही जाऊ नका. तो गुन्हा आहे आणि जिवावरचा खेळ आहे.

कायद्याचं आणखी थोडं. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि रम-व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. गोव्याहून बाटल्या आणायचा मोह होतो, पण त्यालाही परवाना लागतो आणि गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. त्यामुळे हुर्राक प्यायचा तर मार्च ते मे मध्ये गोव्यात जाऊनच प्या. काजूच्या बोंडांच्या रसाचं ते पहिलं ऊर्ध्वपातन, फेणीपेक्षा बरंच सौम्य, म्हणून त्याला रमचं प्रमाण लावू नका. लिंबाची चव असलेलं कोल्ड्रिंक, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, एवढ्यात तिथले लोक जे साधतात ते बघण्यासारखं आहे.

तुमच्या तीन हजारांचा हिशेब: व्हाइट रमची एक बाटली, साधा स्टीलचा शेकर, पेग मेजर, आगळाची बाटली, दोन किलो साखर आणि भरपूर लिंबं. पैसे उरतील. सिरपच्या रंगीत बाटल्या, तांब्याचे मग, बार सेट यांवर ते घालवू नका. एका संध्याकाळी एकच ड्रिंक करा आणि दोघांत चमच्याने चाखत प्रमाण लिहून ठेवा. उरलेल्या पैशांची नंतर जिन घ्या. हिवाळ्यात नागपुरी संत्री आली की त्यांच्या सालींवर साखर चोळून रात्रभर ठेवा, सालीतलं तेल साखरेत उतरून सुगंधी पाक होतो. लिंबू, तो पाक आणि जिन, प्रमाण डायकिरीचंच. संत्र्याची साल मात्र आधी गरम पाण्याने चोळून धुवा, वर बहुतेक वेळा मेण लावलेलं असतं.