साखळी, टिपण, आकार : ब्रिटिशकालीन मोजणी खात्याबद्दल वाचकांचे प्रश्न

जमिनीच्या जुन्या कागदांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे : इंग्रजांच्या मोजणी खात्याने लिहून ठेवलेल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा? माझं उत्तर कागदागणिक बदलतं. लांबी-रुंदी सांगणाऱ्या कागदावर बराच ठेवावा, शेतसाऱ्याचा आकडा सांगणाऱ्यावर बेताचा. जमीन कोणाच्या मालकीची हे मात्र त्या मोजणीला विचारू नये, कारण तिने ते कधी तपासलंच नाही.

प्रश्न (इंदापूर) : आमच्या सर्व्हे नंबरच्या टिपणाची नक्कल काढली. आकृती शेताशी जुळत नाही. जी बाजू प्रत्यक्षात लांब आहे ती कागदावर आखूड दिसते. टिपण चुकलं आहे का?

चुकलेलं नाही. टिपण हा नकाशा नव्हेच. मोजणीदाराने बांधावर उभं राहून हाताने काढलेली ती आकृती आहे आणि ती प्रमाणात काढण्याचा त्याचा हेतूही नव्हता. टिपणात आकार पाहू नका, रेघांवर लिहिलेले आकडे वाचा. नकाशा त्या आकड्यांवरून पुढे कचेरीत तयार होई. मुंबई इलाख्यातले गावनकाशे साधारणपणे एका मैलाला 8 इंच या प्रमाणात काढले जात.

आकडे वाचायचे कसे? इलाख्याची साखळी 33 फुटांची होती आणि तिचे 16 आणे पाडलेले होते. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. रुपयाचे 16 आणे मोजण्यात हयात गेलेल्या कारकुनाला हा हिशेब नव्याने शिकवावा लागला नाही. शिवाय एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोबर एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. त्यामुळे साखळ्यांचा साखळ्यांशी गुणाकार केला की थेट गुंठे हाती येत.

पद्धत शंकू-साखळीची. शंकू म्हणजे काटकोन धरायचं साधन. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मधली रेषा धरायची, तिच्यावर साखळी ओढत जायचं आणि जिथे बांधाचं वळण काटकोनात येईल तिथे शंकू रोवून लंब मोजायचा. शेताचे असे त्रिकोण आणि चौकोन पडत. तुमच्या टिपणात मधल्या रेषेचा एखादा तुकडा 12 साखळ्या आणि त्यावरचा लंब 5 साखळ्या 8 आणे असेल, तर त्या त्रिकोणाचं क्षेत्र 12 गुणिले साडेपाच, त्याचं निम्मं, म्हणजे 33 गुंठे. असे सगळे तुकडे गुणाकार बुकात मांडलेले असतात. टिपणाबरोबर गुणाकार बुकाचीही नक्कल मागा. एकटं टिपण हातात घेऊन भांडायला निघू नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्या कागदाचं सर्वांत लहान माप दोन फुटांचं आहे, त्यावरून शेजाऱ्याशी चार इंचांचा वाद मिटत नाही. टिपणाचा उपयोग बांध कुठे वळतो, हद्दीचा दगड कोणत्या कोपऱ्यावर होता आणि रस्ता किंवा ओढा कुठून शिरतो हे ठरवण्यासाठी. त्या कामाला त्याच्याइतका चांगला कागद दुसरा नाही.

प्रश्न (जळगाव) : जुन्या कागदात जमिनीपुढे “11 आणे” असं लिहिलं आहे. हा सारा आहे की हिस्सा?

दोन्ही नाही. ती जमिनीची प्रत आहे. मोजणीदार शेत मोजून गेला की काही काळाने प्रतबंदी करणारा दुसरा माणूस येई. 16 आणे म्हणजे उत्तम जमीन, त्याखाली उतरती भाजणी. 1847 मध्ये विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या तीन मोजणी अधिकाऱ्यांनी मिळून सादर केलेल्या संयुक्त अहवालात हे नियम एकत्र आले आणि पुढे इलाखाभर तेच चालले.

नियम वाचताना मला दरवेळी नवल वाटतं, कारण त्यात शेतकऱ्याचीच नजर आहे. मातीच्या तीन जाती धरल्या : बारीक पोताची काळी, जरा भरड आणि बहुधा तांबूस, आणि मुरमाड किंवा भुसभुशीत हलकी. मग खोली पाहायची. काळ्या मातीची खोली पावणेदोन हात भरली तर 16 आणे, दीड हात तर 14, सव्वा हात तर 12, एक हात तर 10. खोली पाव हाताने कमी झाली की प्रत एक पायरी उतरे. त्यानंतर दोष : चुनखडी, वाळूची भेसळ, उतार, मातीला धर नसणं, पाणी न जिरणं, पावसाचं पाणी वरून वाहून जाणं, उपळ फुटणं. दोष सापडला की आणखी एक पायरी खाली.

हे सगळं शेतभर एकदम ठरवायचं नाही. आकृतीत शेताचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खोली पाहायची आणि त्या चौकोनात खूण करायची. समजा, 12 एकरांच्या शेताचे आठ भाग पाडले. चार भाग 14 आण्यांचे निघाले. दोन भागांत काळी माती सव्वा हात, म्हणजे 12 आण्यांची, पण चुनखडी असल्यामुळे 10 वर आली. उरलेले दोन भाग 6 आण्यांचे. बेरीज 88, आठाने भागली की 11 आणे. तुमचा आकडा असाच आला असणार. आता त्या गावाला जिराईत जमिनीचा कमाल दर एकरी 1 रुपया ठरला असेल, तर या शेताला एकरी 11 आणे, म्हणजे 12 एकरांचे 8 रुपये 4 आणे. हा झाला आकार, म्हणजे त्या नंबराचा सारा. तो आकारबंदात, म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि आकार लिहिलेल्या कागदात सापडतो, प्रत मात्र प्रतबुकात पाहावी लागते.

कमाल दर ठरवणं हे वेगळं काम होतं आणि ते वरचा अधिकारी करी. पाऊसमान, बाजारपेठेचं अंतर, मागच्या वर्षांची वसुली हे पाहून तो गावांचे गट पाडी. इथे मातीत पहार घालून खात्री करता येत नसे. म्हणून मी प्रतीच्या आकड्याला मान देतो आणि दराच्या आकड्याकडे जपून पाहतो.

प्रश्न (सातारा) : मोजणीदार लाच घेऊन क्षेत्र कमी लिहीत असतील ना? खात्यात यावर काही उपाय होता का?

होता, आणि तो ठेच लागल्यावर सुचलेला होता. इंदापूर तालुक्यातल्या मोजणीच्या आधी, 1820 च्या दशकात, प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने दख्खनमध्ये मोजणी केली होती. शेताचं उत्पन्न काढायचं, खर्च वजा करायचा आणि निव्वळ उरेल त्यातले 55 टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा बेत. कागदावर तो चोख दिसे. प्रत्यक्षात मापं चुकीची निघाली, खालच्या नोकरांनी पैसे खाल्ले, आणि न पेलणाऱ्या साऱ्यामुळे लोकांनी जमिनी टाकून दिल्या. गोल्डस्मिड आणि विंगेट 1835 च्या सुमारास इंदापुरात आले ते हा गोंधळ निस्तरायला. गोल्डस्मिड मुलकी सेवेतला, विंगेट लष्करी इंजिनियर.

नव्या व्यवस्थेचा कणा असा, की एका माणसाच्या हाती पूर्ण आकडा कधी राहू द्यायचा नाही. मोजणारा एक, प्रत ठरवणारा दुसरा, गुणाकार करणारा तिसरा. प्रत ठरवणारा फक्त आणे लिही. त्या आण्यांचे रुपये किती होणार हे ठरवणं त्याच्या हाती नव्हतंच. साहेब अधिकारी अधूनमधून काही शेतं निवडून स्वतःसमोर पुन्हा मोजून घेत आणि फरक जास्त निघाला की काम परत करावं लागे. वर गावाच्या एकूण क्षेत्राशी सर्व नंबरांची बेरीज ताडून पाहायची, ती वेगळीच.

वर्षाची विभागणीही याला पोषक होती. पाऊस उघडला की माणसं तंबू घेऊन गावोगाव जात आणि उन्हाळाभर शिवारात राहत. पावसाळ्यात सगळे मुख्य ठाण्याच्या कचेरीत परतत. मग चार महिने गुणाकार, नकला, नकाशे, ताळे. शिवारातली चूक लपवणं सोपं असतं, पण तोच आकडा तीन कागदांवर तीन हातांनी उतरवताना ती उघडी पडते. लाच पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही. पण या खात्याच्या कागदांत आजही मेळ लागतो, त्याचं श्रेय या पावसाळी कामाला आणि ते करणाऱ्या देशी कारकुनांना आहे. अहवालांवर सह्या साहेबांच्या आहेत, आकडे मात्र या कारकुनांनी मांडले.

आणि हे श्रेय गावकऱ्यांनाही आहे. हद्द दाखवताना पाटील-कुलकर्णी हजर असत. पण शिवेची खरी माहिती पिढ्यान्‌पिढ्या जपली होती ती गावच्या महारांनी. हद्दीच्या वादात त्यांचा शब्द प्रमाण मानण्याची रीत मोजणी खात्याहून कितीतरी जुनी आहे. सरकारी नकाशावरची गावशीव पुष्कळदा त्यांच्या पायांनी चालून ठरली आहे.

प्रश्न (पुणे, विद्यार्थिनी) : एव्हरेस्ट शिखराला ज्यांचं नाव आहे त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या खात्यानेच आपली शेतं मोजली का?

नाही. लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेलं आणि एव्हरेस्ट यांनी पुढे नेलेलं काम त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं. त्यातून पृथ्वीचा आकार, शिखरांची उंची, देशाचा नकाशा हाती आला. शेतं मोजणारं महसुली मोजणी खातं मुंबई सरकारचं होतं आणि त्याचा हेतू सारा ठरवण्याचा. मुंबई शहराची 1865 ते 1872 मध्ये लॉटन यांनी केलेली मोजणी तिसरीच, तिचे कागद शेतजमिनीच्या दप्तरात शोधू नका.

प्रश्न (बारामती) : पणजोबा आणि त्यांचे भाऊ मिळून जमीन कसत होते, पण जुन्या कागदात एकाच भावाचं नाव आहे. म्हणजे दुसऱ्याचा हक्क नव्हता?

असा अर्थ काढू नका. या एका गैरसमजाने घरंच्या घरं फुटलेली आहेत. मोजणी खात्याला एकच गोष्ट हवी होती : या नंबराचा सारा कोण भरणार. भाऊ एकत्र असले तर थोरल्याचं नाव लागे. नंबरही एका बैलजोडीला झेपेल अशा बेताने पाडलेले. लहान तुकडे एका नंबराखाली घेतले जात आणि मोठी शेतं तोडली जात, त्यामुळे एका नंबरात दोन घरांची वहिवाट असणं नेहमीचंच. कुळं, वाटेकरी, गहाणदार, विधवा, मुली यांची नोंद घेण्याचं त्या कागदाला कारणच नव्हतं.

हक्कांची नोंद वेगळी ठेवावी यासाठी कायदा झाला तो 1903 मध्ये. 1913 मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामावला गेला. फेरफाराची नोंदवही आणि आजच्या सातबाऱ्याचं मूळ तिथे आहे. म्हणून भावाच्या हिश्शाचा शोध 1903 नंतरच्या फेरफारांत, वाटणीपत्रांत आणि फाळणीच्या, म्हणजे पोटहिस्से पाडल्याच्या, कागदांत घ्या. एकट्या आकारबंदावर कोर्टात उभं राहू नका.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्याकडे खोत होते. मग मोजणी झालीच नाही का?

झाली. पण देशावर सरकार आणि रयत समोरासमोर होते, तुमच्याकडे मधे खोत, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा, होता आणि त्याने मोजणीला जोराचा विरोध केला. त्यातून 1880 चा खोती कायदा आला. मोजणीचे कागद मिळतील, पण वहिवाट कोणाची हे पाहताना खोती दप्तरही हवंच.

प्रश्न (दौंड) : 1875 चा सुप्याचा उठाव वाढीव साऱ्यामुळे झाला असं काही जण म्हणतात, काही सावकारांमुळे म्हणतात. खरं काय?

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. मोजणी कचेरी जाळली नाही. एवढ्यावरून मोजणी खातं सुटलं असं मानणारे आहेत, मी त्यांतला नाही. पहिला बंदोबस्त, म्हणजे साऱ्याची ठरवणूक, 30 वर्षांचा होता आणि दर हलके होते. मुदत संपून फेरबंदोबस्त आला तो अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचे दिवस आल्यानंतर. भरभराट पाहून दर चढवले, आणि मग भाव कोसळले. वाढीव सारा भरायला माणूस सावकाराकडेच जाणार.

सरकारलाही हे उमगलं होतं. 1874 मध्येच वाढीवर मर्यादा घातली गेली : तालुक्यावर 33 टक्के, एका गावावर 66 आणि एका खातेदारावर 100 टक्के. एका खातेदाराचा सारा दुप्पट होऊ देणं ही ज्यांना मर्यादा वाटली, त्यांनी आधी काय होऊ दिलं असेल याचा विचार करा. साखळी बिनचूक होती, मातीची प्रत बऱ्याच अंशी बरोबर होती, आणि तरीही त्यांवर बसवलेला दर माणसाला घराबाहेर काढू शकत होता.

प्रश्न (अहिल्यानगर) : माझ्याकडे फक्त गट नंबर आहे. जुने कागद कुठून आणि कोणत्या क्रमाने काढायचे?

1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले. म्हणून आधी एकत्रीकरणाच्या योजनेचा उतारा काढा, त्यात गटाचा जुना सर्व्हे नंबर सापडेल. मग तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, गुणाकार बुक, आकारबंद, पोटहिस्से पडले असतील तर फाळणी, असे अर्ज करा. फेरफार आणि जुने सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात.

जुनी पानं मोडीत असतील. आकडे थोड्या सरावाने वाचता येतात, नावांसाठी मोडी जाणकार गाठा आणि लिप्यंतराबरोबर मूळ पानाची नक्कलही जपा. सालापुढे “फसली” (महसुली वर्षगणना) असेल तर त्यात 590 मिळवा. फसली 1290 म्हणजे 1880-81.