बयाणा आधी की उतारा आधी?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुद्दा असा: लाँजिन या स्विस कंपनीचं जुनं क्रोनोग्राफ आहे, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, आत १३झेडएन कॅलिबर, म्हणजे त्या प्रकारची मशीन. विक्रेता म्हणतो, 'आज बयाणा द्या, या दरात देतो. कंपनीच्या दप्तरातून उतारा (त्या घड्याळाच्या जुन्या नोंदीची नक्कल) मागवला तर किंमत चढेल.' आणि पैसे उभे करायला तुम्ही मुदत ठेव मोडणार आहात.

ठेव मोडू नका. निदान आत्ता तरी नाही.

उतारा मागवायला येणारा खर्च घड्याळाच्या किमतीपुढे किरकोळ. तो जोडला की किंमत चढते, हे विक्रेता स्वतःच सांगतोय. मग त्याने तो आजवर मागवला का नाही? आळस असू शकतो, मान्य. पण त्याच्या मनातली शंका तो सवलतीच्या नावाखाली तुमच्या गळ्यात मारतोय, हीच शक्यता मला जास्त वाटते.

आता उताऱ्यातून मिळतं काय? लाँजिन १८३२ची कंपनी. स्वित्झर्लंडमधल्या सेंत-इमिये इथे तिच्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्या जपलेल्या आहेत. मशीनवर कोरलेला क्रमांक कळवला की त्या वहीतली नोंद कळते: कॅलिबर कोणतं, केस (बाहेरचं कवच) कोणत्या धातूची, कोणत्या तारखेला कोणत्या एजंटच्या नावे बिल झालं. अमेरिकेसाठीच्या जुन्या घड्याळांना बहुधा तिथला एजंट विटनॉर याचं नाव असतं. (रोलेक्स असते तर हा प्रश्नच नव्हता, ते असे उतारे देत नाहीत.) नोंदीत स्टील आणि हातात सोनं, असं निघालं तर केस बदललेली आहे, विषय संपला.

पण नोंद जुळली म्हणजे सगळं घड्याळ अस्सल, असं नाही. वहीला क्रमांक माहीत आहे, डायल नंतर रंगवली का ते माहीत नाही. भिंगातून छोट्या उपडायलच्या कडा बघा, आकडे बघा. अक्षरं जाड, फुगलेली, रेघा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०२१मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक ओमेगा स्पीडमास्टर घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा कंपनीच, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३मध्ये तिनेच सांगितलं की ते वेगवेगळे भाग जोडून बनवलेलं होतं, आणि त्यात तिच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. दप्तर ज्यांच्या घरात, त्यांची ही गत.

म्हणून विक्रेत्याला असं सांगा: दर आजचाच, उताऱ्याचा खर्च माझा, बयाणा नाममात्र, नोंद जुळली नाही तर तो परत, आणि हे सगळं लेखी. त्याआधी मागचं झाकण उघडून मशीनच्या क्रमांकाचा स्वच्छ फोटो. झाकण उघडायलाच नकार आला तर तुमचा उताऱ्याचा खर्चही वाचला.

ठेवीचं म्हणाल तर मुदतीआधी मोडल्यावर व्याज कापलं जाणार, घड्याळ व्याज देणार नाही, वर सर्व्हिसिंग मागणार. शिवाय घाईने विकायला गेलात की घेणारा तुमची निकड ओळखतो. ही ठेव अडीअडचणीची असेल तर घड्याळाचं नाव काढू नका. त्यापलीकडची असेल तर घ्या, पण हौस म्हणून. गुंतवणुकीच्या यादीत लिहू नका.

फोटो मिळाला तर मलाही पाठवा, आणि ठेवीची मुदत कधी संपते ते कळवा. पत्रात ते लिहायचं राहिलंय.