'डिजिटल फॅब्रिकेशन'ला बनावट म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठाच्या प्रायोगिक पॅव्हिलियनवरचा लेख मराठीत आणताना 'डिजिटल फॅब्रिकेशन'ला, म्हणजे संगणकातल्या आराखड्यावरून यंत्राकरवी वस्तू तयार करण्याला, 'अंकीय बनावट' म्हटलं तर चालेल का? आणि पॅव्हिलियनला काय म्हणायचं?

'बनावट' मी टाळेन. 'जर्मन बनावटीचं यंत्र' ठीक आहे, पण 'बनावट यंत्र' म्हटलं की ते खोटं ठरतं. मूळ शब्दाचंही असंच झालंय. लॅटिन 'फाबेर' म्हणजे कारागीर. त्याच्या कुळातल्या फॅब्रिकेशनला इंग्रजीत 'रचलेलं कुभांड' हाही अर्थ चिकटला.

मला 'घडण' आवडतो. 'अंकीय' नको, 'डिजिटल घडण' म्हणा. डिजिटल आता आपलाच शब्द आहे. बनवणं काहीही असू शकतं, घडवताना मात्र पदार्थाच्या कलानं घ्यावं लागतं. स्टुटगार्टच्या या मंडपांत, म्हणजे पॅव्हिलियनांत, नेमकं तेच होतं. २०१० सालचा घ्या. यंत्रमानवाने कापलेल्या, साडेसहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या सपाट पट्ट्या. त्या जागेवर नेऊन वाकवल्या आणि एकमेकींत अडकवल्या. एकीचा वाकलेला भाग शेजारणीला ताणून धरतो, आणि त्या ताणातूनच मंडपाला ताकद येते. लाकूड किती वाकेल याचं गणित आकार ठरण्याआधीच संगणकात होतं. म्हणून ही 'संगणकीय रचना' (कॉम्प्युटेशनल डिझाइन). आधीच सुचलेला आकार नुसता संगणकावर रेखाटला, तर त्याला हे नाव देऊ नये. पुढच्या वर्षीचा मंडप सँड डॉलर या सागरी जीवाच्या कवचावरून सुचला. त्यात साडेआठशेहून जास्त तुकडे, आणि बोटांत बोटं गुंफावीत तसे एकमेकांत बसणारे लाखभर दाते होते.

शिवाय 'घडण' म्हणजे घडवण्याची क्रिया आणि घडलेला आकारही, जसं आपण 'शरीराची घडण' म्हणतो. इथे ती दोन वेगळी काढताच येत नाहीत, त्यामुळे शब्दाची ही दुहेरी चाल अनुवादकाच्या पथ्यावरच पडते.

पॅव्हिलियनला 'मंडप' हाच शब्द. 'पॅव्हिलियन' इंग्रजीत फ्रेंचमधून आला, मुळात लॅटिन 'पापिलिओ', म्हणजे फुलपाखरू; पंख पसरल्यासारखा दिसतो म्हणून तंबूला हे नाव पडलं. 'दालन' नको, त्याला भिंती लागतात. क्रियापदही जपा: असा मंडप 'बांधला' लिहू नका, 'उभारला' लिहा.